डिझेल वाढलंय

वादळाने राजूरच्या रस्त्याकडेचे विजेचे खांब आडवे केले, तेव्हा अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी होती. मशीन विजेवर चालतं. जोडीला आणलेलं छोटं सिलिंडर सकाळीच रिकामं झालं होतं. मग मंडपवाल्याचा जनरेटर परसात आणून बसवला. देशाची वीज कोळशावर होवो की पाण्यावर, आमच्या घरापुरतं वीज केंद्र त्या दुपारी डिझेलवर धडधडत होतं. त्याचा आवाज जरा हलका झाला की मी कान टवकारायचे.

काकूला म्हटलं, "टाकीत डिझेल किती आहे, बघ बरं."

काकू मागच्या दारातून ओरडली, "बाई, डिझल वाढलंय!"

मंडपवाला फेरी मारतो म्हणालाच होता. येऊन भरून गेला असेल. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात अण्णांनी हात उचलून परसाकडे केला. डॉक्टरांनी त्यांना बोलायची बंदी घातली होती. आवाजाने जीव कावला असेल, असं समजून मी खिडकी लावली. त्यांनी पुन्हा हात केला. मी पंखा त्यांच्याकडे वळवला. मग ते डोळे मिटून छाती भरभरून श्वास घ्यायला लागले. मला वाटलं, आराम पडला.

थोड्या वेळाने पंखा मंदावला. मशीन पिंपिं करायला लागलं. परसात धडधड नव्हती.

"वाढलंय म्हणालीस ना?" मी काकूवर किंचाळले.

"मंग! वाढलंय म्हंजी सरलंय. दुखणाईत माणसापुढं संपलं म्हणू का? मला वाटलं, तू कोणाला तरी धाडलं आसन."

कुंकू वाढतं, बांगडी वाढते, दिवा वाढवतात, हे मलाही ठाऊक आहे. पण डिझेल? हिच्या शुभ बोलण्याने घात केला होता, आणि भांडायलाही सवड नव्हती. काकू कॅन घेऊन शेजारच्यांच्या ट्रॅक्टरकडे पळाली.

तिने आणलेलं डिझेल ओतलं, तरी इंजिन चालू होईना. टाकी कोरडी पडली की डिझेलचं इंजिन नळीत हवा धरतं. विहिरीवरच्या इंजिनाशी अण्णांची खटपट मी लहानपणी पाहिली होती. तसाच पान्याने नट ढिला केला. नुसते बुडबुडे. आत अण्णांना हवा मिळत नव्हती आणि इथे नळीतली हवा हटत नव्हती. पाना हातातून निसटत होता. मी नवस बोलत होते की शिव्या देत होते, देव जाणे. अखेर डिझेलची स्वच्छ धार लागली, नट आवळला आणि इंजिन धडाडलं.

आत धावले. अण्णांचे ओठ जांभळे पडले होते. काकू त्यांना पाठीमागून टेकू देऊन बसली होती. बऱ्याच वेळाने ओठांवर रंग आला. तोवर मी त्यांच्या छातीवरून नजर काढली नाही. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

संध्याकाळी ते सावरल्यावर मी विचारलं, "अण्णा, दुपारी हात कशाला करत होता?"

"तिनं वाढलंय म्हणलेलं ऐकलं व्हतं म्या," डॉक्टरांची बंदी मोडून ते थांबत थांबत म्हणाले. "तुला काही समजंना. मंग जेवढी हवा भेटली, तेवढी भरून घेतली."