नवरदेवाचा भाऊ

"तठे नको बसू, मास्तर. तठे मोठा बसस."

दोंडाईच्याच्या त्या घरी मी पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा नानांनी मला भिंतीजवळच्या पाटावरून उठवलं. मी काही तेव्हा मास्तर नव्हतो. धुळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि त्यांचा मुलगा प्रकाश वसतिगृहात माझ्या खोलीत राहायचा. पण पहूरच्या मजुराचं पोर सायन्स शिकतंय म्हणजे पुढे मास्तरच होणार, असं नानांनी ठरवून टाकलं होतं.

मी सरकून बसलो. त्या रिकाम्या पाटापुढे सगळ्यांच्या आधी ताट वाढलं गेलं. वरण, बट्टी, वर तूप. मोठा भाऊ येईल म्हणून मी बराच वेळ दाराकडे बघत होतो. जेवणं झाली, कोणी आलं नाही. नानांनी ते ताट उचललं आणि गोठ्यातल्या गाईपुढे ठेवलं.

हात धुताना प्रकाश हळूच म्हणाला, "भाऊ तापीत बुडाला. तो एकोणीसचा होता, मी सहाचा. देह मिळालाच नाही. तुला वाढतील त्याच्या आधी त्याला वाढतात, एवढंच लक्षात ठेव."

नाना मिरचीच्या बाजारात मापाडी होते. दिवसभर तराजूपाशी उभं राहून त्यांचे डोळे कायम लाल असत, त्यामुळे ते कधी रडले असतील तर कुणाला कळलं नसेल. बायको लवकर गेलेली. घरात ते, प्रकाश आणि तो न दिसणारा मोठा. सणाला कापड घेतलं तर तीन सदऱ्यांचं. पाऊस लांबला तर म्हणत, "मोठा रुसेल शे." गल्लीतली माणसंही सवयीनं विचारत, "नाना, मोठा काय म्हनस?" नाना खरंच उत्तर देत.

माझ्यावर त्यांचे उपकार फार आहेत. वसतिगृहाच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी अर्ज नानांपुढे धरला. त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. "आगोदर बापना अंगठा, मंग मनी सही. जो पहिला त्यानं पहिलं." मी पहूरला जाऊन अंगठा घेऊन आलो, तेव्हाच त्यांनी पेन उघडलं.

पुढे मी भडगावच्या शाळेत शिक्षक झालो आणि प्रकाश जहाजावर इंजिनियर. एका बंदरात त्याची ओळख एका मुलीशी झाली. तिचे पणजोबा उसाच्या मळ्यात मजुरीला म्हणून हिंदुस्थानातून तिकडे गेलेले. लग्न तिकडेच ठरलं, वेस्ट इंडीजच्या एका बेटावर, समुद्राकाठच्या हॉटेलात. प्रकाशनं नानांचं आणि सोबतीला म्हणून माझं तिकीट पाठवलं. बाजारात नानांची थट्टा सुरू झाली. "नाना, तठला फास्ट बॉलर तुम्हले तराजूसगट उडाई दी हां!" नाना म्हणाले, "मी येक पाय मांगे घिसू, बॉल सोडी दिसू."

निघायच्या आधी शाळेच्या फोनवर प्रकाशचा फोन आला. "नानांना घेऊन ये," तो म्हणाला. "भाऊला आणू नको."

मला लगेच समजलं. आमच्याकडे काही घरांत अकाली गेलेल्या माणसाचा टाक करतात, तसा मोठ्याचाही होता. चांदीचा रुपयाएवढा पत्रा, त्यावर ठसवलेली आकृती. तो देव्हाऱ्यात असतो आणि घरात लग्न निघालं की पहिली हळद त्याला लागते. नंतर नवरदेवाला.

मी नानांना म्हटलं, "मोठ्याला यावेळी घरीच ठेवू या का?"

"धाकलानं लगीन, आन् मोठा घरमा एकला ऱ्हाई?" नानांनी टोपी काढून दाखवली. टाक टोपीच्या अस्तरात शिवलेला होता. मी प्रकाशला कळवलं नाही.

बेटावरच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं टोपी तपासली आणि हे काय म्हणून विचारलं. नाना म्हणाले, "सांग त्याले, नवरदेवना भाऊ शे." मी इंग्रजीत सांगितलं, आमचा देव आहे. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "तू खोटं बोली गया, मास्तर."

त्या संध्याकाळी ते वाळूवर बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होते. मग मला म्हणाले, "तापीनं पाणी आठेबी येतच व्हई. बठ्ठं पाणी एकच."

दुसऱ्या दिवशी हिरवळीवर हळद होती. नवरीच्या आजीनं स्वतः वाटलेली हळद आणली होती. आपल्याकडच्यासारखी गाणी चालली होती, शब्द मात्र वेगळे. प्रकाश पाटावर बसला. नानांनी टोपी काढली, अस्तर उसवलं आणि टाक तळहातावर घेतला.

प्रकाश उठून उभा राहिला. गाणी थांबली.

"नाना, इथं नाही," तो म्हणाला. "जन्मभर माझं ताट दुसरं. सात समुद्र ओलांडून आलो ते यातून सुटायलाच. आज मला पहिला बसू द्या. नाहीतर हळदच नको."

मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो. नानांचं बोट हळदीत बुडालेलं होतं. ते टाकाकडे बघत होते, प्रकाशकडे नाही. शेवटी त्यांनी टाक माझ्या हातात दिला. "हाऊ तू धर," म्हणाले आणि पिवळं बोट प्रकाशच्या कपाळाला लावलं. माझ्या मुठीतला पत्रा उन्हातही गार लागत होता.

लग्नाच्या सकाळी त्यांनी तो माझ्याकडून मागून घेतला. मग प्रकाशच्या कोटाची बटणं स्वतः लावली, छातीवर दोनदा थोपटलं आणि बाजूला झाले.

परत आल्यावर दोंडाईच्याच्या देव्हाऱ्यात टाकाची जागा रिकामी दिसली. मी विचारलं. नाना म्हणाले, "तो तठेच ऱ्हाई गया. धाकला परका गावमा एकला कसा ऱ्हाई?" त्यानंतर भिंतीजवळच्या पाटापुढे ताट नसे; गाईचं ताट ते सरळ गोठ्यात नेत. गल्लीतल्या कुणी मोठ्याचं विचारलं की "दूर गया" एवढंच सांगत. मी प्रकाशला पत्रात यातलं काही लिहिलं नाही. टाक तिकडे नेमका कुठे ठेवला हे नानांना विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि प्रकाशला सांगायचंही.

तिसऱ्या वर्षी नाना गेले. प्रकाश दहाव्याला पोचला. नदीवरून परतताना, टाकाचं लपवल्याबद्दल मी त्याची माफी मागायला लागलो. त्यानं मला थांबवलं.

"मला सापडला तो," तो म्हणाला. "लग्नाच्या कोटाच्या आतल्या खिशात. पूर्ण लग्नभर माझ्या छातीपाशी होता. आधी वाटलं समुद्रात फेकून द्यावा. गेलोही किनाऱ्यावर. पण पाण्यात त्याला पुन्हा कसा टाकू?"

"मग?"

"घरी आहे. बायको रोज त्याच्यापुढे पहिली वाटी ठेवते. मी आता तिशीचा झालो आणि तो अजून एकोणीसचाच आहे. लेकरांना आधीच वाढतात ना रे?"