अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

परसात, न्हाणीघराच्या भिंतीलगत सिमेंटचं एक झाकण होतं. ते सरकवून आत कळशी रिकामी केली की तापलेली माती सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकायची आणि मीठ, कोळसा, ओल यांचा मिळून एक गार, खारट वास वर यायचा… माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांना अजून तोच वास आहे.

रहिमतपूरजवळच्या गावातलं आमचं ते घर पप्पांनी फौजेतून रजेवर येऊन येऊन बांधलं. त्या झाकणाखालचा अर्थिंगचा खड्डा मात्र गवंड्याला हात लावू न देता स्वतः खणला आणि मीठ-कोळशानं भरला. फ्रीजमध्ये, मोटरीत कुठं चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता इथून जमिनीत जाते, आणि त्यासाठी माती ओली लागते — एवढं मला समजावून ते परत ड्यूटीवर गेले. घरात उरलो आई आणि मी. पाणी घालायचं काम माझं.

नळाला पाणी दिवसाआड. शेजारच्या जनाकाकू कुंपणावरून हटकायच्या, "काय पेरलंयस गं तिथं? उगवायचं कवा?"

"फौजीचा हुकूम हाय, काकू," आई आतूनच म्हणायची.

पप्पांचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, पाणी घातलंस का? मग मोटरीची वायर कुठं उघडी पडलीय का, फ्रीजला हात लावल्यावर काही जाणवतं का… मी काढलेल्या चित्राला शाळेत मिळालेलं बक्षीस, येऊन गेलेला ताप, सगळं माझ्या ओठांवरच राहायचं. एकदा मी विचारलंच, "पप्पा, तुमी माझं कवा इचारणार?"

ते म्हणाले, "तुझंच तर इचारतोय, बाळा."

मला ते तेव्हा कळलं नाही. रुसून मी फोन आईकडे दिला.

आता पप्पा निवृत्त होऊन कायमचे घरी आलेत, आणि मी सांगलीत, भाड्याच्या खोलीवर. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथं कुणाला काय विचारावं, हेही नीट उमगत नाही. गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. घरमालकीणबाई म्हणाल्या, "चप्पल घालून आंघोळ कर की, काय होत न्हाई." मी गिझर बंदच ठेवते, गार पाणी घेते. पप्पांचा फोन येतो. खोलीतली लाईट नीट हाय नव्हं, विचारतात. मी हो म्हणते. खरं सांगितलं, तर टेस्टर खिशात घालून ते पहिल्या एसटीनं निघतील, हे मला ठाऊक आहे…

कधीकधी, कॉलेजातून येऊन कुलूप उघडताना, वाटतं — सांगून टाकावं.