ओलं अंगण

चंद्रपूरच्या एका वाचनालयात आम्ही स्वयंसेवकांनी खाणीत गेलेल्या गावांचं प्रदर्शन मांडलंय. उद्घाटनाच्या सकाळी कुणीतरी दाराजवळचा कोपरा शेणाने सारवला, आणि त्या वासाने मी एका जागी बसेनासा झालो.

काही वर्षांपूर्वीही असाच चुळबुळत उभा होतो. माजरीकडच्या एका गावातली घरं दुसऱ्या दिवशी पाडणार होते. त्याआधी तिथल्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायला आम्ही गेलो होतो. सगळे ट्रॅक्टरवर सामान लादत होते. शेवटच्या घरची सखूबाई मात्र वाकून अंगण सारवत होती. मी घाईने पाऊल टाकणार, तोच तिने शेणाचा हात वर केला.

"थांबा भाऊ, ओलं हाय. वाळू द्या."

"बाई, उद्या तं मशीन येऊन राह्यली. काऊन सारवता?"

"मशीन उद्या येईन. आज तुमी आले ना."

मी कुंपणाबाहेर येरझाऱ्या घालत राहिलो. गाडीवाला हॉर्न देत होता, ऊन चढत होतं, तिच्या बोटांचे अर्धगोल हळूहळू फिके पडत होते. उद्या जे उरणारच नाही, ते वाळायची वाट आपण का पाहतोय, हेच मला कळेना.

आज पाहुणे आले, मागून कॅमेरे आले, आणि सगळे बूट थेट त्या कोपऱ्याकडे निघाले. मला कळायच्या आत मी दारात हात आडवा धरून उभा होतो.

"थांबा," मी म्हणालो, "ओलं हाय. वाळू द्या."