बाजूची सीट, तेरा किलो

आमचे हे रिटायर झाले आणि तीन महिन्यांत त्यांच्या अंगात गाडी शिरली. दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या अंगात अध्यात्म शिरतं, नाहीतर शेअर बाजार शिरतो. आमच्याकडे गाडी. तीही नवी कुठली, आमचीच अठरा वर्षांची पांढरी छोटी गाडी, जिला घरात सगळे 'डबी' म्हणायचे. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत हे म्हणाले, "हिची ट्रॅक कार करायची."

"म्हणजे काय करायचं?"

"रेससाठी तयार करायची. घरच्या घरी. आधी हलकी करायची, मग बसकी करायची, मग पळवायची."

ज्या माणसाने चौतीस वर्षं कचेरीत बसून फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवल्या, आणि त्याही सावकाश, ज्याने कल्याण रस्त्यावर कधी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही, तो हा माणूस! मी कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून हे सगळं डोक्यात गेलेलं होतं.

मी गणिताची शिक्षिका. मीही त्याच वर्षी रिटायर झाले. आमचं दोघांचं फार पूर्वीपासून ठरलेलं होतं की रिटायर झालो की डबी काढायची आणि निघायचं. कुठे, ते ठरलं नव्हतं. हे चालवणार आणि मी बाजूला बसून रस्ता सांगणार, एवढंच ठरलं होतं. कारण ह्यांना रस्ता लक्षात राहत नाही. माझं माहेर पूर्ण्याचं, घरापासून अर्ध्या तासावर, पण लग्नाला तेहतीस वर्षं होऊनही "आता कुठे वळू?" हे विचारल्याशिवाय तिथे पोचलेले नाहीत. तिथल्या शेतांची गोदामं झाल्यापासून तर बघायलाच नको. सगळी गोदामं सारखी, सगळ्यांचे पत्रे निळे. मी "डावीकडे" म्हणायचं, ह्यांनी वळायचं. संसार असाच चालला आणि बरा चालला.

तर कामाला सुरुवात झाली. आमच्या अंगणात पत्र्याखाली डबी उभी असते. पहिल्या आठवड्यात मागची सीट निघाली, स्टेपनी निघाली, दरवाज्यांचे आतले पत्रे, खालचा गालिचा, सगळं अंगणात. मला वाटलं घरात चोर शिरून गेलेत. गालिच्याखाली आवाज येऊ नये म्हणून डांबरासारखा एक थर चिकटवलेला असतो, तोही म्हणे तीन-चार किलो भरतो. तो खरवडायला ह्यांनी काय घेतलं असेल? माझं उलथणं! मी पोळ्यांना तवा ठेवला आणि उलथणं शोधतेय, तर हे गाडीत उकिडवे बसून खरवडतायत. "अगं, धुऊन देतो की," म्हणाले. धुऊन देतो! डांबर! मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझे जुने विद्यार्थी हे वाचतील.

आमच्या गल्लीत मागे-पुढे कापडाचे लूम आहेत. दिवसभर खडखडाट. त्याची आम्हाला इतकी सवय की शुक्रवारी लूम बंद असले की चुकल्यासारखं होतं. ह्यांनी एका लूमच्या मिस्त्रीकडून नवा सायलेन्सर जोडून घेतला, असा की गाडीने डरकाळी फोडावी. मोठ्या थाटात चावी फिरवली. गल्लीत कुणाला पत्ताच नाही. लूमच्या आवाजात ती डरकाळी कुठल्या कुठे विरून गेली. मिस्त्री कान देऊन म्हणाला, "चालू हुई क्या, साहब?" ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मग हे शुक्रवारची वाट बघायला लागले. शुक्रवारी सकाळी डरकाळी अशी काही घुमली की समोरच्यांनी खिडकीतून विचारलं, "ट्रान्सफॉर्मर उड़ गया क्या?" आमच्या ह्यांना धन्य धन्य झालं.

खोटं कशाला बोलू, इथवर मलाही मजा येत होती. रिटायर झालेला माणूस सोफ्यावर बसून "आज भाजी कसली?" विचारत राहतो, त्यापेक्षा हे बरं. हौसेला मोल नसतं. माझा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन आला की म्हणायचा, "बाय, तू काय बी बोल, भावजी मानूस हौशी हाय."

मग एका रविवारी हे म्हणाले, "चल, जरा दापोड्याला जाऊन येऊ. वडापाव खाऊ." कितीतरी दिवसांनी बाहेर निघतोय म्हणून मी बरी साडी नेसले. दापोड्याला गेलो आणि ह्यांनी गाडी थेट वजनकाट्याच्या रांगेत घातली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आमची डबी. नंबर आला तसे चाकं काट्यावर नेऊन उभे राहिले. खिडकीतला माणूस भोंग्यावरून बोलला, "सात सौ अस्सी. माल क्या है?" हे म्हणाले, "काही नाही, फक्त वजन." मग माझ्याकडे वळून, "जरा उतरतेस का?"

मी उतरले. काट्याच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

भोंगा म्हणाला, "सात सौ दस."

म्हणजे सत्तर! अख्ख्या दापोड्याने ऐकलं. ट्रकवाले माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. मी म्हटलं, "तो काटा दहा-दहा किलोने पुढे जातो, माझं खरं वजन सदुसष्ट आहे," पण भोंग्याला कोण उत्तर देणार? वडापाव खाल्ला तोही गोड लागेना. तरीही तेव्हा मी रागावले नव्हते. थट्टेवारी नेलं.

रागावले ती दुसऱ्या दिवशी. गाडीच्या बॉनेटवर ह्यांची वही उघडी पडली होती. ह्यांच्या त्या हेडक्लार्की अक्षरात यादी होती. वर शीर्षक, 'काढता येण्यासारखे'. स्टेपनी अकरा, मागची सीट चौदा, गालिचा व डांबर सात, आणि सगळ्यात खाली, 'बाजूची सीट तेरा, अधिक ही सत्तर, एकूण त्र्याऐंशी'. त्र्याऐंशीखाली दोन रेघा.

बेरीज बरोबर होती, त्यात मला खोट काढता आली नाही. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही घेऊन आत गेले आणि म्हटलं, "मी काढता येण्यासारखी आहे का हो?"

हे म्हणाले, "अगं, ते तांत्रिक आहे. कुठल्याच रेसच्या गाडीत बाजूची सीट नसते."

"मग मी बसायचं कुठे?"

ह्यांनी खरोखर विचार केला. हा विचार आधी डोक्यात आलाच नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच मला जास्त लागलं. "रिक्षा असतेच की," म्हणाले.

दुपारी सीट निघाली. चार बोल्ट, दहा मिनिटं. अठरा वर्षं मी तिच्यावर बसले. मुलीला बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी आणली ती तिच्यावर बसून, सासऱ्यांना शेवटचं इस्पितळात नेलं तेव्हाही मी तिथेच होते, मागे वळून त्यांचा हात धरून. मला रडू आलं. स्पष्टच सांगते, मला भीती वाटली. ज्या दिवसांची आम्ही दोघांनी वाट बघितली ते आता आले होते, आणि ह्या माणसाला माझ्याशिवायच मजा येणार होती.

मी अबोला धरला. म्हणजे कामापुरतंच बोलायचं ठरवलं. मला कामं पुष्कळ असल्यामुळे तो अबोला आहे हे ह्यांच्या लक्षात यायला चार दिवस लागले. सीट मी व्हरांड्यात आणून ठेवली आणि तिच्यावरच बसायला लागले. भाजी तिथे निवडायची, पेपर तिथे वाचायचा. हे अंगणात गाडीखाली झोपलेले आणि मी वर सीटवर. "पाना दे गं जरा," म्हणाले की मी मटार सोलत राहायची.

दीड महिन्याने तो दिवस आला. पूर्ण्याला माझ्या भावाच्या गोदामामागे मोठं सिमेंटचं पटांगण आहे. ठाण्याच्या काही हौशी गाडीवाल्यांनी ते एका रविवारपुरतं भाड्याने घेतलं होतं. नारंगी कोन मांडून नागमोडी रस्ता आखलेला, एकेका गाडीने जायचं, घड्याळ लावायचं, तीन फेऱ्या. रस्ता चुकला की फेरी बाद. मी जाणार नव्हते. पण भाऊ टेम्पो घेऊन दारात आला. "चल बाय, माज्या घरच्या अंगनात हाय, तू न्हाय आलीस तर लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "येते, पण माझी कंबर धरते, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी बसणार नाही." आणि सीट टेम्पोत टाकायला लावली. कंबर निमित्त होती. मला ह्यांच्या डोळ्यांसमोर त्या सीटवर बसायचं होतं. दिसू दे सगळ्यांना!

पत्र्याच्या सावलीत सीट मांडून मी बसले. जागा झकास, सगळं मैदान दिसत होतं. हे हेल्मेट घालून आले तेव्हा मला हसू दाबावं लागलं, डोकं मावत नव्हतं. सगळे गाडीवाले पंचविशीतले, "काका, ऑल द बेस्ट" म्हणून टाळ्या वाजवत होते.

पहिली फेरी. डबी सुटली ती खरंच सुटली! मी कधी तिला असं पळताना बघितलं नव्हतं. हात आपोआप छातीशी गेला. पण तिसऱ्या कोनाला हे उजवीकडे वळायच्या जागी डावीकडे वळले आणि सरळ सुरुवातीच्या रेषेवर परत आले. फेरी बाद. दुसरी फेरी. ह्या खेपेला तिसऱ्याला बरोबर वळले, मग मधल्या एका कोनाला एक प्रदक्षिणा घातली, मग दुसरी घातली, आणि थांबले. बाहेरून दिसत होतं की हे डोकं खाजवतायत, हेल्मेटवरून.

"अहो, उजवीकडे! उजवीकडे!" मी इथून ओरडत होते. भाऊ म्हणाला, "बाय, काचा बंद हायेत."

हे गाडीतून उतरले आणि चालत माझ्यासमोर आले. घाम डोळ्यांत जात होता. म्हणाले, "एकच फेरी राहिली. सोबत एक माणूस चालतो, मी विचारून आलो. सीट आणि पट्टा पाहिजे."

"पट्टा काढला नाहीत?"

"नाही."

"का? एक किलो तरी असेल."

ह्यांनी बाहीने घाम पुसला. "उठतेस का?" एवढंच म्हणाले.

मी मुद्दाम थोडा वेळ घेतला. पदर नीट केला, चष्मा पुसला. मग उठले. "पण मी सत्तर किलो आहे," मी म्हटलं.

"सदुसष्ट," हे म्हणाले.

भावाने आणि ह्यांनी मिळून दहा मिनिटांत सीट बसवली. कुणीतरी मला हेल्मेट दिलं, अंबाड्यामुळे ते बसेना, अंबाडा सोडावा लागला. पट्टा लावला. रस्ता मला तोंडपाठ होता, सगळ्यांच्या फेऱ्या बाहेरून बघितल्या होत्या. झेंडा खाली आला आणि पाठ सीटला चिकटली. देवा! मी "आई गं!" ओरडले आणि मग लगेच, "उजवीकडे! आता डावीकडे! वळा, वळा, अहो वळा ना!"

हे वळले. जसं मी सांगितलं तसं, एकही प्रश्न न विचारता. आणि पाचव्या कोनापाशी माझ्या ध्यानात आलं की आतून सगळे कोन सारखेच दिसतात. निळ्या पत्र्यांसारखेच. सावलीत बसून बघितलेलं ते मैदान कुठे गेलं कळेना. पण मी कधी गप्प बसलेय? "डावीकडे!" मी ठणकावून सांगितलं. हे डावीकडे वळले. आम्ही दोन कोन आडवे करून थेट भावाच्या टेम्पोसमोर जाऊन उभे राहिलो. झेंडेवाल्याने लांबून दोन्ही हात हलवले. बाद.

इंजिन बंद झालं. मी समोर बघत बसले. मला फार वाईट वाटलं. त्यांची शेवटची फेरी मी घालवली होती, आणि त्या वहीत लिहिलेलंच खरं झालं होतं. मग बाजूने आवाज आला. हे हसत होते. हेल्मेट काढून, स्टिअरिंगवर डोकं टेकून, खांदे गदगदा हलवत.

"दोन वेळा चुकलो गं," डोळे पुसत म्हणाले, "आणि भांडायला बाजूला कोणीच नाही. रिकाम्या जागेकडे बघून ओरडलो मी, 'तू सांगितलं का नाहीस?' म्हणून."

दीड महिन्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे नीट बघितलं. केस घामाने चपटे झालेले, कानापाशी ग्रीसचा डाग. मला आत्ताच्या आत्ता त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण समोर भाऊ उभा होता आणि मागे पंचवीस पोरं. मी हेल्मेट उतरवलं, सुटलेले केस मागे घेतले, पट्टा तसाच राहू दिला आणि त्यांच्याकडे वळून बसले.

"आता ऐका," मी म्हटलं. "मी उजवीकडेच म्हणाले होते."