भरल्या पोटी घाट उतरू नये

साँग फा गावापाशी घाट संपतो तिथे, शेवटच्या वळणाला माझं कॉफीचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. माझे डोळे आता अधू झालेत, पण नाक शाबूत आहे. गाडी येऊन थांबली की तिच्या ब्रेकच्या वासावरून ड्रायव्हरची लायकी कळते मला. करपलेला वास आला की समजावं, गडी वरून ब्रेकवर पाय ठेवून आलाय. अशाला मी कॉफी देते, पण थोडं सुनावतेही.

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा खिएम, त्याच्या गाडीला तसला वास कधीच आला नाही. खिएम म्हणजे नम्र. नाव ठेवताना आईबापांचा अंदाज साफ चुकला. द्रान गावात, घाटाच्या अगदी माथ्यावर त्याचं घर. एकतीस वर्षं तो हा घाट उतरतोय. आधी कोबीचे ट्रक, मग सात सीटची पेट्रोल गाडी, त्यात खाली फान रांग शहरातल्या दवाखान्याला जाणारे म्हातारे, समुद्राकाठच्या लग्नांना जाणाऱ्या बायका. गाडी तो कानाने चालवायचा. इंजिनाचा आवाज जड झाला की गिअर खाली, हलका झाला की वर. काट्याकडे कधी बघायचा नाही. म्हणायचा, "काटे नवशिक्यांसाठी असतात."

आमच्याकडे ड्रायव्हरांची एक म्हण आहे: ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. उतारावर गाडी इंजिनाने धरायची, ब्रेकने नाही. खिएमने ही म्हण द्रानच्या दोन पिढ्यांना शिकवली, तीही डोक्यात टपल्या मारून. माथ्यावरच्या छोट्या देवळापाशी एक पेटती सिगारेट ठेवायची, दुसरा गिअर टाकायचा आणि निघायचं. तो माझ्या दारात उतरायचा तेव्हा चाकाला हात लावला तरी चालायचं.

बहीण गेली आणि वर्षभरात त्याच्या मुलीने, थूयने, जुनी गाडी विकून विजेवरची आणली. भाऊजींनी महिनाभर तोंड फुगवलं. "मुडदा आहे नुसता. बोलत नाही, गुरगुरत नाही. हिला कुठे दुखतंय ते मला कळणार कसं?" पाय जरा दाबला की गाडी अशी उसळायची की मागे बसलेल्या बायका ओरडायच्या. गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या नाहीत, कारण त्यांना ऐकूच यायचं नाही.

आणि मग म्हातारा त्या गाडीच्या प्रेमात पडला. मला दुकानात बसवून सांगायचा, "सुओंग, पाय नुसता उचलायचा. बस्स. गाडी आपोआप मंद होते, कुणी मागून पदर धरल्यासारखी. ब्रेक लागतच नाही. शिवाय उतारावर वीज परत भरते! पेट्रोलच्या गाडीने एकतीस वर्षांत कधी थेंबभर परत दिलं का?" क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. तो गुडघा आता आराम करत होता. दोन महिन्यांत उजवा पायही ब्रेक विसरला.

ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी नऊला गाडी आली आणि मी कॉफी गाळता गाळता थांबले. करपलेला वास. बघते तर खिएमची गाडी. मागे शेजारच्या तीन म्हाताऱ्या. त्या डोळे चोळत उतरल्या आणि म्हणाल्या, "काय छान गाडी! पाळण्यात झोपल्यासारखं वाटलं बाई." भाऊजी मात्र स्टिअरिंगवरून हात काढेनात. शर्ट पाठीला चिकटलेला.

म्हाताऱ्या मागे हातपाय धुवायला गेल्या तशी मी खिडकीशी गेले. "भाऊजी, हा वास तुमच्या गाडीचा?"

"हळू बोल."

"काय झालं?"

"धरलं नाही तिने. पाय उचलला आणि ती सुटली. नुसती घरंगळत सुटली."

मग तुकड्यातुकड्यात कळलं. त्या दिवशी लांब जायचं होतं, म्हणून रात्रभर लावून बॅटरी काठोकाठ भरली होती. एरवी ती अर्धी-पाऊण असायची. घर माथ्यावरच, दारातून निघालं की उतार. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तशी भरलेल्या बॅटरीत वीज मावेना, आणि वीज घ्यायचीच नाही तर गाडी धरणार कशी? समोरच्या पडद्यावर तसं बारीक अक्षरात लिहून आलंही होतं म्हणे. पण हा माणूस ऐकणारा, वाचणारा नव्हे. चष्मा घरी. विसरलेल्या पायाने ब्रेक शोधला, दाबला, दाबतच राहिला. धरणाचं पाणी खाली वीजघराकडे नेणारे मोठे नळ रस्ता ओलांडतात, त्याच्या वरच्या वळणावर ब्रेक तापून मऊ पडला. हात आपोआप गिअरकडे गेला. तिथे गिअर नव्हता. नळांपाशी रुंद जागा होती, तिथे डोंगराच्या बाजूच्या खडीत चाक घालून गाडी कशीबशी थांबली. ब्रेक निवून पुन्हा धरेपर्यंत अर्धा तास तो तिथे बसून होता. मागे तिघी घोरत होत्या.

"थूयला सांगायला हवं," मी म्हणाले.

"तुला तुझ्या बहिणीची शपथ आहे. खिएम घाटात घाबरला हे द्रानला कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?"

मी शपथ घेतली. त्याचा राग येतो तेवढाच मला माझाही येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आम्ही दोघं शहाणी माणसं गप्प बसलो.

त्यानंतर तो चोरून चार्जिंगचा प्लग काढायला लागला. थूय लावायची, हा पहाटे उठून काढायचा. ती विचारायची, "बाबा, प्लग कुणी काढला?" हा म्हणायचा, "मी कुठे?" पाच आठवड्यांत मुलीने ठरवून टाकलं की बाप विसरभोळा झालाय, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला लागली. म्हाताऱ्याने तेही गिळलं. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा विसरभोळा परवडला त्याला.

मग बहिणीचं श्राद्ध आलं. मी एकाच्या स्कूटरवर मागे बसून वर गेले. अंगणात चार चटया, तीस माणसं, उकडलेली कोंबडी, चिकट भात, पर्सिमॉनची पिकलेली फळं. कडेला गाडी प्लगला लावलेली. बिएन नावाचा ड्रायव्हर, ज्याने भाऊजींच्या टपल्या खाल्ल्या होत्या, तो तांदळाची दारू ओतत म्हणाला, "गुरुजी, आता तुमची म्हण जुनी झाली. गिअरच नाहीत, तर कुठल्या गिअरात उतरायचं?" सगळे हसले.

थूय म्हणाली, "मावशी, उद्या पहाटे पोरीला घेऊन समुद्रावर चाललेय. तुझ्याकडे थांबू कॉफीला. आज मात्र प्लगपाशी मी स्वतः झोपणार आहे. बाबा काढून ठेवतात आणि विसरतात."

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांच्या जेवायच्या काड्या वाटीतच थांबल्या होत्या.

"पूर्ण भरू नकोस," ते म्हणाले.

"का? मध्येच संपली तर?"

"बिल येतं."

"बाबा, काहीतरीच तुमचं!"

मी तोंड उघडणार होते. शपथ गेली खड्ड्यात, असं ठरवलंच होतं. पण तेवढ्यात ते उठले. बहिणीच्या तसबिरीपुढच्या उदबत्त्या अजून जळत होत्या. ते तिकडे तोंड करून बोलले, आमच्याकडे नाही.

"मी विसरत नाही. प्लग मी मुद्दाम काढतो. ऑक्टोबरात गाडी भरून निघालो आणि घाटात ती माझ्या हातून सुटली. ब्रेक गेला. माझी पाचावर धारण बसली. मी रडलो. नळांपाशी खडी नसती तर चौघंही दरीत होतो."

बिएन दारूची बाटली धरून तसाच राहिला. त्या तिघींमधली एक म्हातारी समोरच जेवत होती. तिने काड्या खाली ठेवल्या. "म्हणजे आम्ही झोपलो होतो तेव्हा?" तिने विचारलं. ती उठून घरी गेली, भात तसाच टाकून.

"ही गाडी वाईट नाही," भाऊजी म्हणाले. "फक्त भरल्या पोटी घाट उतरू नये. हे शिकवायला मी पाच आठवडे लावले." मग ते चालत गेले आणि सगळ्यांसमोर प्लग काढला. थूय रडत होती आणि ओरडतही होती, "किल्ली काढून घेतली मी तुमची! तेव्हा तरी बोलायचंत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्या दारात आली. थूय आणि मागे नात. भाऊजी नव्हते. मी कॉफी तशीच सोडली, चारही चाकांपाशी वाकले, नाक जवळ नेलं. नुसती धूळ आणि ओलं गवत. चाकाला हात लावला, कोमट होतं.

"बाबा नाही आले," थूय म्हणाली. "म्हणाले, मावशीला वास घ्यायला सांग आणि मला फोन कर."

मीच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"वास नाही, भाऊजी. अजिबात नाही."

पलीकडून आवाज आला, अगदी बारीक.

"सुओंग, मधल्या पाच आठवड्यांत एखाद्या पहाटे मला जाग आली नसती आणि थूय भरली गाडी घेऊन निघाली असती तर?"

पोर गाडीच्या खिडकीतून मला बघून हात हलवत होती. मी खिडकीशी गेले आणि फोन तिच्या कानाला लावला.