कानवाला गरुड

किराणा दुकानातून हाक आली, "बबन, रोह्याचा फोन!" तेव्हा मी माझ्या टमटमखाली आडवा होतो. रोह्यावरून मला फोन करणारा माणूस एकच, दानियल. तब्येतीपायी तो तिकडं भाचीकडं राहायला गेला होता. तसाच ग्रीसच्या हातानं धावलो, रिसीव्हर उचलला आणि ओरडलो, "बोल रे जिताडचोरा! मेलास नाय अजून?" ...पलीकडं भाची होती. रडत म्हणाली, "बबनमामा, मामा पहाटे गेले." दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत होती. मी जोक नेहमी वाईट वेळेलाच मारतो असं अख्खा गडब गाव सांगेल, पण इतकी वाईट वेळ मलासुद्धा कधी साधली नव्हती. मला सहीपुरतंच लिहिता येतं, म्हणून हे मी बोलतोय आणि पोरगी लिहितेय. कुठं चुकलं असेल तर ती मध्ये हसली म्हणून.

गडबला हायवेला दानियलचं पंक्चरचं दुकान. त्याच्या आज्याचा तेलाचा घाणा होता, म्हणून जुनी माणसं त्यांच्या घराला शनवार तेली म्हणायची. घाणा गेला, शनवार राहिला. दानियल ज्यू, त्यांच्यात शनवारी कामाला हात लावत नाय, आणि माझी टमटम तर मुद्दाम शनवार बघून बसायची. मग दानियल दुकानासमोर लोखंडी खुर्ची टाकून बसणार आणि मी माझ्या हातानं ट्यूब काढणार. "हात मी लावणार नाय बबन्या, पण तुझी चूक बघायला आमच्यात बंदी नाय," असं म्हणून चाक बसेपर्यंत माझी अक्कल काढायचा. त्याचे भाऊ, चुलते सगळे एकेक करून इस्राएलला गेले होते. भाऊ फोनवर सारखा बोलवायचा. हा म्हणायचा, "तिकडं ह्या बबन्यासारखं गिऱ्हाईक मिळणार नाय."

डोलवीला कंपनी नवीन होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं खाडीतल्या जिताडा माशाची पिल्लं आणून तळ्यात सोडतात, वाढवतात, आणि जावई आला किंवा साहेबाकडं काम अडलं की एक काढतात. त्या वर्षी गावकीच्या तळ्यात दीड-दीड वीत जिताडे झाले होते, आणि पाण्याची लाईन मंजूर करणाऱ्या साहेबासाठी सरपंचानं ते राखून ठेवले होते. तर ते कमी व्हायला लागले. तळ्याला लागून घर एकच, दानियलचं. कुणीतरी बोललं, "शुक्रवारी संध्याकाळी ह्याच्याकडं मासा शिजतो, तो येतो कुठून?" येतो कुठून म्हणजे, बाजारातून मीच टमटमनं आणून द्यायचो! पण माझं ऐकतो कोण? तोंडावर दानियलला कुणी काय बोललं नाय, तेच वाईट. माणसं सायकली ढकलत पुढच्या दुकानावर न्यायला लागली. एक दिवस बघतो तर ह्यानं माळ्यावरची ट्रंक खाली काढलेली. म्हणाला, "इथं चोर म्हणून राहण्यापेक्षा तिकडं परका म्हणून राहीन."

म्हणून मी चोर पकडायला निघालो. अंधार पडल्यावर घोंगडी घेऊन तळ्याच्या बांधावर बसलो. टॉर्च होती, सेल घरी होते. बसल्या बसल्या डोळा लागला आणि डोक्यावरून वारा गेला. बघतो तर दाराच्या फळीएवढे पंख! पाण्यावर पाय आपटले, मासा उचलला आणि उघाडीच्या, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायच्या दाराच्या, दगडी खांबावर जाऊन बसलं. तोंड मांजरासारखं, वर दोन कान. माझ्याकडं वळून असं बघितलं, जसा मीच चोर. मी मागं सरलो तो थेट तळ्यात.

सकाळी देवळापुढं सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, "चोर सापडला! गरुड हाय गरुड!"

"रात्रीचा गरुड?" सरपंच म्हणाला. "शिफ्टला आलता काय?"

"कान होते त्याला!"

मग काय, हसून हसून माणसं खाली बसली. आता चूक माझीच. धरमतरच्या जेट्टीवर मगर आली म्हणून मी एकदा अर्धा गाव पळवला होता. मगर म्हणजे बार्जवरून सुटलेला टायर निघाला. "आण, पंक्चर काढून देतो," दानियल तेव्हा म्हणाला होता. असला मी, आणि दानियलला वाचवणारा साक्षीदार मी एकटा! शेवटी माझ्या शेजारची हिराकाकू उठली. "त्या खांबाकडं चला तरी," म्हणाली. खांबाखाली बघतो तर जिताड्याचे खवले, आणि त्यात हा खच चिंबोऱ्यांच्या कवचांचा, फोडलेल्या नांग्यांचा. हिराकाकूनं एक नांगी उचलली आणि सरपंचाच्या नाकासमोर धरली.

"दानियल चिंबोरी खातो काय रे?"

"गो काकू, पण..."

"तू गप! त्यांच्यात चालत नाय हे शेंबड्या पोराला ठाव हाय. माझ्या घरी सगळे चिंबोरीवर तुटून पडलेले असतात आणि हा मेला डाळभात कालवत बसतो. माझ्या हातची चिंबोरी ज्यानं सोडली, तो काय हितं अंधारात नांग्या फोडत बसेल?"

त्या दिवशी सरपंच सायकल घेऊन दानियलच्या दुकानावर गेला. "जरा हवा बघ," म्हणाला. त्याच्या मागं दुसरा, तिसरा, सगळी रांगच लागली. गावात एकाही सायकलला हवा कमी नव्हती, तरी सगळ्यांनी भरून घेतली. माफी मागायची आमच्याकडं हीच पद्धत. दानियल पंप मारून मारून घामाघूम झाला आणि संध्याकाळी ट्रंक परत माळ्यावर चढली. मी म्हटलं, "गरुडानं वाचवलं तुला." तो म्हणाला, "गाढवा, तो हुमण. थोरलं घुबड. हूम करून ओरडतो तो. गरुडाला कान असतात काय?"

तिथून जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत. मला पटवायला तो रोज दिवेलागणीला खुर्ची घेऊन बांधावर यायचा. कितीदा तरी हूऽऽम असा आवाज यायचा, ते धूड खांबावर बसायचं, कानबीन सगळे दिसायचे. "आता बोल!" दानियल म्हणायचा. मी म्हणायचो, "गरुडच. म्हातारा झालाय, कान फुटलेत." हुमण हाय हे मला केव्हाच कळलं होतं. पण मी हो म्हटलं असतं तर उद्या तो खुर्ची घेऊन कशाला आला असता?

रोह्याला मातीला गेलो. प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात, आणि आता आहेत किती? पेणहून दोघं यायचे होते, त्यांची वाट बघत होते. मी टोपी घालून पुढं उभा राहिलो. एका म्हाताऱ्या बाबानं बोटानं मोजलं, माझ्यावरून बोट पुढं नेलं. पण तिथून हलवलं नाय मला.

खुर्ची भाचीनं मला दिली. दिवसभर टमटमपाशी असते. परवा संध्याकाळी ती बांधावर टाकली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं, "हुमण हाय रे दानियल. जिंकलास." खुर्ची तिथंच विसरून आलो. सकाळी जाऊन बघतो तर पाठीवरून खालपर्यंत पांढरी रांगोळी आणि बसायच्या जागी चिंबोरीची अख्खी नांगी. शिव्या घालत घरून फडकं आणलं, भिजवलं, पुसायला वाकलो... आणि आठवलं, शनवार हाय. फडकं पिळून खांद्यावर टाकलं आणि बाजूला बांधावर बसून राहिलो.