जुनी गाडी, नवी गाडी आणि साडू

माझ्या साडूने मला फसवले. शोरूमवाल्याने नाही, मेकॅनिकने नाही, कंपनीने तर नाहीच. कंपनीला मी कोण हेसुद्धा ठाऊक नाही. साडूला पक्के ठाऊक होते. बायकोच्या धाकट्या बहिणीच्या या नवऱ्याने माझ्या मोटारसायकलवर डोळा ठेवून मला नवी घ्यायला लावली, आणि वर माझ्याच पैशाने चहा पिऊन गेला.

मोखाड्यात माझे सुक्या मासळीचे दुकान आहे. त्याआधी मी वीटभट्टीवर होतो, मग डोक्यावर बोंबलाची पाटी घेऊन पाडे फिरलो, मग मोटारसायकल घेतली आणि आठवडे बाजार धरले. कोणाची मदत नाही, कोणाची ओळख नाही. भाव करण्यात मला अजून कोणी हरवलेले नाही. मला विकणारा डोके धरून बसतो. म्हणूनच हे जास्त लागले.

गाडी जुनी झाली तसा तिचा पिकअप गेला. सपाटीवर काही कळायचे नाही. पण माझी सासुरवाडी सूर्यमाळच्या बाजूला आहे आणि पाड्यावर जायचा शेवटचा चढ सरळ अंगावर येतो. तिथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायची, पहिल्यात टाकली की खोकायची, आणि बायकोला उतरून चालावे लागायचे. आमच्याकडे गाडीची ताकद माणसांत मोजतात. ही दोघांची, ती तिघांची. चढावर बायको उतरली की वरच्या ओट्यावरून अख्खा पाडा बघतो. मागच्या खेपेला तिची काकू सगळ्यांदेखत म्हणाली, "मासळीची गोणी गाडीवर आणि आमची पोर पायी. जावयाला कशाची किंमत जास्त, ते दिसलं."

मोखाड्याला परतलो. दारात उतरल्यावर बायको बोलली.

"भावाच्या पोराचं बारसं आहे. आत्या मी, नाव मी ठेवणार. त्या दिवशी मी चढाला उतरणार नाय. गाडी दुरुस्त करा, नवी घ्या, नाय तर पुढं बैल जुंपा."

मी गाडी घेऊन जव्हारला मेकॅनिककडे गेलो. साडू जव्हारचाच. तो तिथे पंक्चर काढायला आला होता, बाकावर बसला होता. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि रोग सांगितला: क्लचप्लेट झिजल्या, फिल्टर लाल मातीने भरला. ते बदलायचे, आणि चेन ज्यावर फिरते ते पुढचे स्प्रॉकेट काढून एक दाता कमी असलेले बसवायचे.

"मग ही डोंगर खाईल," तो म्हणाला. "फक्त सपाटीला आधीसारखी पळणार नाय."

"म्हणजे पैसे देऊन मी गाडी हळू करून घेऊ?"

"शेठ, तुम्हाला चढ पाहिजे का पळ?"

मी भाव विचारला. त्याने सांगितला. मी म्हणालो, एक दाता कमी आहे, म्हणजे लोखंड कमी आहे, मग भावही कमी पाहिजे. यात चुकीचे काय ते मला आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेले नाही. मेकॅनिकने पाना खाली ठेवला.

"शेठ, हे बोंबील नाय. शेपटीकडून तोडून भाव कमी होत नाय."

माझे डोके फिरले. मी त्याला त्याच्या गॅरेजची लायकी सांगितली. तेवढ्यात साडू उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला घेतले. हाच तो क्षण.

"साडूभाऊ, तुमच्यासारख्या माणसाने या डबड्यात जीव का घालावा? चार लोकांत तुमची इज्जत आहे. एक्सचेंजला टाका, नवी घ्या. भाव तर तुम्हीच करणार, शोरूमवाला रडला पाहिजे."

मी त्याला चहा पाजला.

शोरूमवाला खरेच रडला. तिथला पोरगा आधी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "सर, गाडीला वास येतो, त्याचे कमी होतील." मी म्हणालो, वास मासळीचा आहे, इंजिनचा नाही, धुवायचे पैसे तुमचे. दुपारी त्याचा मालक आला. मी दोन वेळा उठून दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा त्यांनी हात धरून बसवले. सीट कव्हर, हेल्मेट, आरशांना झालरी, पुढे बांधायचा हार, सगळे फुकटात काढले. ट्रायल मारायला घाटाकडे निघालो तर पोरगा म्हणाला, "सर, ट्रायल गावातल्या गावात." गावात गाडी बाणासारखी सुटली. सुटणारच. वर मी एकटा आणि खाली सपाटी.

नव्या गाडीला स्क्रीन आहे. फोन कोणाचा आला ते त्यावर दिसते. सूर्यमाळला फोनच लागत नाही, त्यामुळे तिथे स्क्रीन शांत असते. शिवाय एक हिरवा दिवा आहे. पेट्रोल वाचवत चालवले की तो लागतो. बायकोने एकदाच विचारले, "चढते का?" मी म्हणालो, "नवी आहे."

बारशाच्या दिवशी टाकीवर पाळण्याच्या सामानाची पिशवी, मी, मध्ये आमची लहान पोरगी, मागे नवी साडी नेसलेली बायको. चढ लागला. तिसरा, दुसरा, पहिला. गाडी थरथरली आणि जागच्या जागी मेली. हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत लागलेला. ओट्यावर बायका उभ्या राहिल्या. माझी बायको उतरली नाही. गाडी मागे घसरायला लागली, मी दोन्ही पाय रोवून ब्रेक दाबून उभा, आणि ती पाठीमागे ताठ बसलेली.

"उतर," मी म्हणालो.

"नाय म्हटलं होतं."

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. माणसाला आपल्या गाडीचा आवाज झोपेतही कळतो. माझीच जुनी गाडी, दुसऱ्या गिअरमध्ये, न खोकता. पुढे साडू, मध्ये त्याचा मुलगा, मागे मेहुणी, आणि मेहुणीच्या मांडीवर तांदळाची पिशवी. हॉर्न वाजवून ते वर गेले. वर माणसे उतरवून साडू एकटा खाली परत आला आणि आमच्या शेजारी थांबला.

"बसा ताई."

ती बसली. पोरगीही त्याच्याच टाकीवर बसली. मी आणि स्क्रीन मागे राहिलो. ओट्यावरची काकू खाली ओरडली, "जावई, गाडी ढकला, हार पडंल!"

बारसे झाले. आत्याने पोराच्या कानात नाव सांगितले, पेढे वाटले. मी साडूला सगळ्यांसमोर विचारले, ही गाडी तुझ्याकडे कशी?

"शोरूमला उभीच होती, साडूभाऊ. मी घेतली. मेकॅनिकने सांगितलेलं ते स्प्रॉकेट टाकून घेतलं."

"भाव केलास?"

"नाय. त्याने सांगितले तेवढे दिले."

माणसे हसली. यात हसण्यासारखे काय होते? सासरे म्हणाले, जावईबापू, आधी जेवून घ्या. मी जेवलो, पण भाजीत मीठ कमी होते ते मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी शोरूमला जाऊन भांडलो. पोरगा म्हणाला, "सर, ही गाडी दोन माणसांसाठी आहे. तिघे बसवणे कायद्याने गुन्हा आहे." मी म्हणालो, मग पोरीला डोंगरावर कुठल्या कायद्याने नेऊ? तो म्हणाला, "सर, आमच्याकडे चारचाकीची पण ऑफर आहे." उतारावर माझ्या गाडीचा पिकअप उत्तम आहे, एवढे कबूल करतो. सासुरवाडीहून परत येताना तक्रार नाही. जाताना मात्र बायको हल्ली निघण्याआधी घरूनच बहिणीला फोन करते आणि साडू तिला चढाच्या खाली घ्यायला येतो. मला वाटेत हात करतो.

तो हात मला नको. मला जाब हवा. मेकॅनिकच्या बाकावरून उठून, माझ्या खांद्यावर हात ठेवून तू "नवी घ्या" म्हणालास, तेव्हा जुनी तू स्वतःसाठी ठरवून ठेवली होतीस की नाही? गोड बोलू नकोस, जेवायला बसवू नकोस. सासऱ्यांच्या ओट्यावर, त्या काकूसमोर आणि माझ्या बायकोसमोर उभा राहा आणि सांग. हो की नाही?